शिक्षा आयडीला व्हावी, मोबाइलला नको

ऑनलाइन स्पर्धात्मक खेळांतल्या फसवणुकीला बरीचशी वाट खेळाच्या रचनेतच मिळते. फ्री फायर मॅक्स किंवा बीजीएमआय हे मोबाइलवरचे खेळ खेळताना भिंतीआड उभा असलेला शत्रू पडद्यावर दिसत नाही. पण तो कुठे उभा आहे, ही माहिती सर्व्हरने बऱ्याचदा खेळणाऱ्याच्या मोबाइलकडे आधीच धाडलेली असते. हॅक, म्हणजे फसवणुकीसाठी बनवलेले सॉफ्टवेअर, ती मेमरीतून वाचतो आणि भिंतीवरच शत्रूभोवती चौकट काढून दाखवतो. ऑटो हेडशॉटमध्ये तर नेम धरण्याचेही काम उरत नाही. असे ‘पॅनल’ आणि मॉड एपीके टेलिग्रामवर उघड विकले जातात, आणि त्यातले काही घेणाऱ्याचाच आयडी चोरतात, हा भाग निराळा.

याचा बंदोबस्त कंपन्या आपापल्या परीने करतात. संगणकावरच्या खेळांसाठी व्हॅल्व कंपनीची व्हॅक ही फसवणूक पकडणारी यंत्रणा 2002 पासून आहे. रायट कंपनीची व्हॅनगार्ड 2020 मध्ये आली; ती संगणक सुरू होताच त्याच्या गाभ्यापर्यंत जाऊन बसते. मोबाइलवरच्या खेळांत मात्र भर आहे तो डिव्हाइस बॅनवर. फ्री फायर मॅक्सची कंपनी गरेना हॅक वापरणाऱ्याचा आयडी कायमचा बंद करते आणि तो मोबाइलही बाद ठरवू शकते. क्राफ्टननेही डिसेंबर 2021 पासून बीजीएमआयसाठी हाच मार्ग धरला. त्यामागचा विचार चुकीचा म्हणता येणार नाही. नवा आयडी फुकट मिळतो, एक उडाला की पाच मिनिटांत दुसरा तयार. मोबाइल फुकट मिळत नाही.

पण हा हिशेब एका माणसाचा एक मोबाइल असे गृहीत धरतो, आणि गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यात तो तिथेच कोलमडतो. कसनसूर, जारावंडी, गट्टा या भागांत अनेक घरांत मोबाइल एकच असतो. दिवसा तो वडिलांच्या खिशात, संध्याकाळी धाकट्या-थोरल्या भावांच्या आणि चुलतभावाच्या हातात. प्रत्येकाचा आयडी वेगळा, मोबाइल तोच. एकाने पॅनल टाकून पाहिले की बाकीच्यांचाही खेळ बंद. पुढे तोच मोबाइल सेकंडहँड म्हणून आलापल्ली किंवा अहेरीत विकला गेला, तर घेणाऱ्याला तो बॅन झालेला आहे हे खेळ सुरू करेपर्यंत कळत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती ही.

दुसरी अडचण नेटवर्कची. पावसाळ्यात वीज गेली की थोड्या वेळाने टॉवरही जातो. नेट अडखळले की खेळाडू समोरच्याच्या पडद्यावर एका जागेवरून दुसरीकडे उडी मारल्यासारखा दिसतो, आणि समोरचा ‘हॅकर’ म्हणून रिपोर्ट ठोकतो. तुटलेले नेट आणि लबाडी यांतला फरक माणसाने बघून ठरवायचा असतो. बुद्धिबळात तसे घडलेही आहे. 30 ऑगस्ट 2020 रोजी ऑनलाइन ऑलिम्पियाडच्या अंतिम फेरीत नागपूरची दिव्या देशमुख आणि निहाल सरिन यांचे कनेक्शन तुटले आणि वेळ संपून त्यांचे डाव गेले. भारताने दाद मागितली. जागतिक महासंघाने प्रकरण तपासून भारत व रशिया दोघांनाही सुवर्णपदक दिले. विदर्भाच्या मुलीला मिळालेली ती सुनावणी विदर्भाच्याच दुसऱ्या टोकाला कुणाच्या वाट्याला येत नाही.

यंत्रणा चुकत नाही, असाही दावा कुणी करू नये. 2010 मध्ये व्हॅकने मॉडर्न वॉरफेअर 2 खेळणाऱ्या सुमारे 12,000 जणांना चुकून बाद केले; व्हॅल्वने माफी मागितली आणि भरपाई म्हणून दुसरा खेळ फुकट दिला. ऑक्टोबर 2023 मध्ये ग्राफिक्स कार्डाच्या एका अधिकृत सोयीमुळेच काउंटर-स्ट्राइक 2 चे खेळाडू बॅन झाले. दोषी खरोखर सापडला तरी झळ भलत्यालाच बसते. ऑक्टोबर 2018 मध्ये शांघायच्या स्पर्धेत ऑप्टिक इंडिया संघाचा ‘फोरसेकन’ हा खेळाडू संगणकावर हॅक चालवताना पकडला गेला. त्याला पाच वर्षांची बंदी झाली ती योग्यच. पण संघच मोडीत निघाल्याने बाकीचे चौघेही रस्त्यावर आले.

याउलट, जून 2021 मध्ये विश्वनाथन आनंद यांच्याविरुद्धच्या मदतनिधीच्या ऑनलाइन बुद्धिबळ डावात उद्योजक निखिल कामत यांनी संगणकाची मदत घेतली आणि नंतर ती जाहीरपणे कबूलही केली. चेस डॉट कॉमने त्यांचे खाते बंद केले. आनंद यांना प्रकरण वाढवायचे नव्हते, म्हणून ते खाते पुन्हा उघडले गेले. कबुली दिलेल्याला खाते परत मिळते. कसनसूरच्या ज्या मुलाने काहीच केलेले नाही, त्याला ठरावीक इंग्रजी उत्तर मिळते आणि विषय संपतो.

फसवणूक करणाऱ्यांना मोकळे सोडा, असा याचा अर्थ नव्हे. आयडी कायमचा जावा, रँक आणि बक्षीसही जावे. शत्रू दिसण्याच्या बेतात येईपर्यंत त्याची जागा खेळणाऱ्याच्या यंत्राला कळवायचीच नाही, हा उपाय संगणकावरच्या व्हॅलोरंट या खेळात वापरात आहे. तो मोबाइलच्या खेळांतही जमेल तितका यावा. हॅक बनवणाऱ्यांना आणि विकणाऱ्यांना आधी धरावे. दक्षिण कोरियाने 2016 मध्ये कायदा बदलून त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच कोटी वॉनपर्यंत दंड ठेवला. भारताच्या 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने ई-स्पोर्टला मान्यता दिली आहे आणि तक्रारींसाठी प्राधिकरणाची तरतूदही केली आहे. त्याच्या नियमांत डिव्हाइस बॅनचा स्पष्ट उल्लेख हवा: बंदीला मुदत असावी, कारण लेखी कळवावे, अपील मराठीत करता यावे आणि ते माणसाने वाचावे, तसेच सेकंडहँड मोबाइल घेणाऱ्याने खरेदीची पावती दाखवली की त्याचा मोबाइल मोकळा व्हावा.

– एक वाचक, एटापल्ली (जि. गडचिरोली)