अनुज्ञेय नसलेला खर्च

दिल्लीहून निघाल्यावर पंधराव्या दिवशी आम्ही बाराजण सायकलने मुंबईत परळला पोहोचलो. जयपूर, चित्तोडगड, उदयपूर, अहमदाबाद, सुरत असा सुमारे १,४०० किलोमीटरचा प्रवास झाला. कर्करोगग्रस्त मुलांसाठी निधी उभारणे हा त्यामागचा हेतू. हार, छायाचित्रे, कौतुकाची भाषणे यथासांग पार पडली. माझ्या वयाचा उल्लेख तीनदा झाला. गुडघे दुखत होते, पण मन सुखावले होते, हे नाकारत नाही.

समारंभानंतर जवळच्या चहाच्या टपरीवर दरभंग्याहून आलेले एक गृहस्थ भेटले. त्यांच्या सहा वर्षांच्या मुलाला रक्ताचा कर्करोग आहे. आमच्या मोहिमेची हकिकत त्यांनी आदराने ऐकून घेतली आणि विचारले, ‘‘साहेब, आता परत केव्हा?’’ ‘‘आज रात्रीच्या गाडीने,’’ मी म्हणालो. ‘‘आम्हाला अजून दोन वर्षे आहेत,’’ ते म्हणाले. औषधांची सोय झाली होती. चिंता होती ती खोलीच्या भाड्याची, बुडालेल्या मजुरीची आणि गावी आजीजवळ ठेवलेल्या धाकट्या मुलीची.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला येथे एका भारतीयाचे स्मरण होते. आंध्रातील भीमावरम येथे १८९५ मध्ये जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेत तयार झालेल्या औषधाने बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांवर उपचार केले. आजार काही काळ तरी हटतो, हे त्यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच वर्षी सुब्बारावांचे निधन झाले. त्याच कुळातील मेथोट्रेक्सेट आजही या उपचारांचा भाग आहे. श्रीमंत देशांत कर्करोग झालेली ८० टक्क्यांहून अधिक मुले आज बरी होतात. अनेक गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत हे प्रमाण ३० टक्क्यांहून कमी आहे. ते २०३० पर्यंत जगभर किमान ६० टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये ठरवले. ही तफावत औषधशास्त्राच्या अज्ञानातून आलेली नाही. निदानाला झालेला उशीर, औषधांची अनुपलब्धता आणि अर्ध्यावर सुटलेले उपचार ही तिची प्रमुख कारणे आहेत.

अर्ध्यावर सुटलेल्या उपचारांत माझाही वाटा असू शकतो. सुमारे तीस वर्षांपूर्वी मी जिल्हाधिकारी असताना मदतनिधीसाठी आलेले अर्ज माझ्यापुढे येत. रुग्णालयाचे देयक मी मंजूर करीत असे. निवास आणि भोजनाच्या ओळीसमोर ‘अनुज्ञेय नाही’ असा शेरा देत असे. नियम मी केलेला नव्हता. परंतु तो बदलावा असे टिपणही मी कधी लिहिले नाही आणि त्या मुलांचे पुढे काय झाले, याची चौकशीही केली नाही.

तेव्हापासून पुष्कळ बदलले आहे. आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला रुग्णालयातील उपचारांसाठी वर्षाला पाच लाख रुपयांचे संरक्षण आहे. उपचारांसाठी जाणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णाला रेल्वेच्या शयनयानात पूर्ण, तर सोबत्याला ७५ टक्के सवलत मिळते. मात्र मुलांमधील रक्ताच्या कर्करोगाचे उपचार दोन ते तीन वर्षे चालतात आणि त्यांतील बराच काळ रुग्णालयाच्या खाटेवर जात नाही. गोळ्या, रक्ततपासण्या आणि पुढच्या तारखेची प्रतीक्षा यांत तो सरतो. कुटुंबाचा धीर आणि पैसा याच काळात संपतो.

त्यासाठी नव्या औषधाच्या शोधाची वाट पाहण्याचे कारण नाही. पहिल्या, कठीण टप्प्यानंतरचे उपचार मोठ्या केंद्राच्या मार्गदर्शनाखाली मुलाच्या घराजवळच्या जिल्हा रुग्णालयात व्हायला हवेत. देशातील कर्करोग रुग्णालयांना जोडणारे राष्ट्रीय कर्करोग जाळे २०१२ पासून अस्तित्वात आहे. त्यात जिल्ह्याची कडी जोडता येईल. मूल ठरलेल्या तारखेला आले नाही, तर त्याच आठवड्यात त्याच्या घरी विचारपूस करण्याची जबाबदारी एका नेमक्या कर्मचाऱ्यावर असावी. लसीकरण चुकलेल्या बालकाचे घर आपल्या आशा कार्यकर्त्या शोधून काढतातच.

आमच्यासारख्यांनी जमवलेल्या निधीतून काही कुटुंबांचे काही महिन्यांचे भाडे निघेल. त्याचे मोल मी कमी लेखत नाही. पण दान यंदा येते, पुढच्या वर्षी येईलच असे नाही. दोन वर्षांचे उपचार सायकलस्वारांच्या गुडघ्यांवर विसंबून ठेवता येत नाहीत.

निवृत्त अधिकाऱ्याच्या टिपणाला शासकीय मोल नसते. तरीही जे तेव्हा लिहायला हवे होते, ते आज लिहितो: आजारी मुलासोबत परगावी राहणाऱ्या पालकाचा निवास व भोजन हा उपचारांचाच खर्च आहे. तो अनुज्ञेय असावा.