फुकट्या कानांना डबल बास ऐकू येत नाही

लाइव्ह स्ट्रीमवर जॅझ 'पाहणाऱ्या' आपल्या मंडळींना एकदा तोंडावर सांगायला हवं की तुम्ही ऐकत नाही. ओट्यावर डब्याला टेकवलेला फोन, शेजारी कुकरच्या शिट्ट्या, मधूनच व्हॉट्सॲपवर अंगठा आणि दहा मिनिटांनी "बंद कर रे, नंतर बघू, रेकॉर्डिंग राहतंच". याला घरात आवाज चालू असणं म्हणतात. हीच माणसं सवाई गंधर्वच्या मंडपात शेजारचा कुजबुजला तरी डोळे वटारतात. मग हार्लेममधल्या तीन वादकांनी तुमचं काय घोडं मारलंय?

हार्लेमचं नाव उगाच घेतलं नाही. मार्च २०२०मध्ये न्यूयॉर्कचे क्लब एका झटक्यात बंद झाले, वादकांचे दौरे रद्द झाले. तेव्हा एमेट कोहेन या पियानिस्टने हार्लेममधल्या आपल्या राहत्या फ्लॅटमधून वाजवायला सुरुवात केली. बासवर रसेल हॉल, ड्रम्सवर काइल पूल. 'लाइव्ह फ्रॉम एमेट्स प्लेस' हे त्या कार्यक्रमाचं नाव. तिकडची सोमवारची संध्याकाळ म्हणजे आपली मंगळवारची पहाट. ठाण्यात बसून मी ते ऐकत आलो. पुढे त्या खोलीत ह्यूस्टन पर्सनसारखे बुजुर्ग सॅक्सोफोनवादक येऊन गेले, ग्रॅमी मिळायच्या आधीची समारा जॉय तिथे गायली.

तिघं एकाच खोलीत का बसले, हेही समजून घ्या. वेगवेगळ्या घरांतून इंटरनेटवर एकत्र वाजवता येत नाही. सेकंदाच्या तिसाव्या भागाइतका उशीर झाला तरी स्विंगची लय डगमगायला लागते आणि व्हिडिओ कॉलवरचा उशीर त्याच्या कितीतरी पट असतो. त्या काळात अनेकांनी आपापला तुकडा घरी रेकॉर्ड करून व्हिडिओत चौकटी शेजारी-शेजारी लावल्या. ती जोडणी झाली, जॅझ झाला नाही. ड्रमरने ऐनवेळी ठोका अडवला म्हणून बासवाला थांबतो आणि तो थांबला म्हणून पियानोचा उजवा हात दुसरीकडे वळतो. हे त्याच क्षणी, त्याच हवेत घडावं लागतं.

म्हणूनच मला फोनच्या स्पीकरची चीड येते. डबल बासची सर्वांत जाड तार मोकळी छेडली की साधारण ४१ हर्ट्झचा स्वर निघतो. फोनच्या चिमुकल्या स्पीकरला तो झेपत नाही. वरच्या स्वरांशांवरून मेंदू अंदाज बांधतो, त्यामुळे सूर कळल्यासारखा वाटतो. पण त्याचं वजन, लाकडाची घुमार, बोट तारेवरून सुटतानाचा तो 'ठप्', सगळं गळून जातं. ड्रम्समधल्या राइड सिंबलची तीच गत. तिच्यावर काठीचं टोक पडल्यावर जी टिंग येते आणि मागे जी लांब झळाळी रेंगाळते, तिचा आवाज दाबून दाबून नुसता फस्‌फस् उरतो. म्हणजे तिघांपैकी दीड माणूस तुम्ही बाहेरच ठेवलात आणि वर मत देता की पियानो छान होता.

बासला बाहेर ठेवणं किती मोठा गुन्हा आहे हे कळायला एक तारीख पुरे. २५ जून १९६१, रविवार. न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या तळघरातल्या क्लबात पियानोवर बिल एव्हन्स, बासवर स्कॉट लाफारो आणि ड्रम्सवर पॉल मोशन यांनी दुपारी नि रात्री वाजवलं आणि ते ध्वनिमुद्रित झालं. लाफारोचा बास तिथे मागे उभा राहून ठेका धरत नाही. तो पियानोला प्रश्न विचारतो, मध्ये तोडतो, आपलंच गाणं पुढे रेटतो. आज जगभरचे ट्रायो ज्या बरोबरीने वाजवतात, तिची सगळ्यांत मोठी शाळा हीच. त्यानंतर अकराव्या दिवशी लाफारो मोटार अपघातात गेला. वय २५. त्या ध्वनिमुद्रणात पेल्यांचे आवाज आणि लोकांच्या गप्पा आजही ऐकू येतात. समोर एवढं घडत असताना माणसं बोलत होती. मला त्या गप्पांत कधीच 'क्लबचं वातावरण' वाटलं नाही, चीडच आली.

आता स्ट्रीम करणाऱ्यांकडे वळतो, कारण तेही धुतल्या तांदळासारखे नाहीत. एका क्लबचं तिकीट काढून मी ट्रायो बघत होतो. बासचा सोलो सुरू झाला आणि कॅमेरा खुशाल पियानिस्टच्या बोटांवर, जी त्या वेळी मांडीवर होती. ड्रम्स आणि पियानो चार-चार बारांची देवाणघेवाण करत असताना दर दोन सेकंदांनी दृश्य बदलत होतं. कोण कोणाकडे बघून हसला ते कळायच्या आत कट. बाबांनो, एक कॅमेरा तिघांवर लावा आणि हात खिशात घाला. तिघांच्या नजरा दिसणं हाच तर घरी बसून बघण्याचा फायदा. क्लबात खांबामागची खुर्ची मिळाली तर तोही नसतो.

"खरी मैफल समोर बसूनच" म्हणणाऱ्या सोवळ्या मंडळींवर मी वेळ घालवणार नाही. व्हॅनगार्डमध्ये सव्वाशेच्या आसपास माणसं मावतात. बाकीच्या जगाने काय करावं, हे त्यांनी सांगावं.

माझा खरा राग पैशावर आहे. १९२०च्या दशकात ह्याच हार्लेममध्ये भाडं थकलं की लोक घरी पार्टी ठेवत. दारात नाणी घेत आणि आत फॅट्स वॉलर, जेम्स पी. जॉन्सन यांच्यासारखे पियानिस्ट रात्रभर वाजवत. ऐकायला आलेला माणूस यजमानाचं भाडं भागवत होता आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नव्हता. आज त्याच वस्तीतल्या घरातून संगीत आपल्या खोलीत येतं आणि आपण अंगठ्याचं चित्र पाठवून मोकळे. वर ऐकवतो, "त्यांना प्रसिद्धी मिळते की." प्रसिद्धीने बासच्या तारांचा संच येत नाही.

आणि हे मुंबईने तरी बोलू नये. चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड, सेबॅस्टियन डिसोझा हे गोव्याचे वादक जॅझमध्ये मुरलेले होते. पण जॅझवर पोट भरेना म्हणून ते फिल्मी स्टुडिओत गेले, आपल्या आवडत्या गाण्यांचे वाद्यमेळ रचले, वाजवले, आणि कित्येकदा पडद्यावर त्यांचं नावही आलं नाही. ती गाणी गुणगुणत आपण मोठे झालो. वाजवणारे कोण होते, हे विचारायलाही आपण कितीतरी वर्षं लावली. दुसऱ्यांदा तोच नादानपणा करायला आता कुठलीही सबब नाही, कारण आता वादकाचं नाव पडद्यावर आहे आणि पैसे पाठवायची लिंक त्याच्या खालीच आहे.

तेव्हा पुढच्या वेळी आधी सिनेमाच्या एका तिकिटाएवढे पैसे पाठवा, मग वायरचे बरे हेडफोन लावा, फोनवरचे बाकी आवाज बंद करा आणि पहिलं अख्खं गाणं फक्त बास ऐका. तेवढंही जमणार नसेल, तर स्ट्रीम लावू नका.