रोपांचे दिवे आणि दुरुस्तीचा धंदा

हिंगोलीच्या मोंढ्यात हळदीचा भाव काय निघाला हे विचारणारे शंभर भेटतात. दुरुस्तीचा धंदा का बसला हे विचारणारा एकही भेटत नाही. रेडिओ गेले, टेपरेकॉर्डर गेले, डबा टीव्ही गेले आणि आमच्या कितीतरी कारागिरांच्या टेबलावर सोल्डरिंगऐवजी मोबाइलची कव्हरे आली. "आता दुरुस्त करण्यासारखे उरलेच काय?" असे हे बांधव आम्हालाच विचारतात. त्याचे एक उत्तर गेल्या पावसाळ्यात आम्हाला ओळखीच्या एका घरी सापडले.

त्या घरातील मुलगी बी.एस्सी. झालेली. खिडकी नसलेल्या मागच्या खोलीत तिने पाइपांना भोके पाडून मातीविना पालक, पुदिना आणि कोथिंबीर लावली आहे. मुळे खत विरघळलेल्या पाण्यात आणि डोक्यावर सूर्याऐवजी एलईडीचे दिवे. यालाच हायड्रोपोनिक्स म्हणतात. एके दिवशी दिव्यातली एक ओळ विझली. विकणाऱ्या दुकानदाराने "हा दुरुस्त होत नसतो, नवा घ्या" म्हणून हात झटकले. मग एका मिस्त्रीने जळालेल्या एलईडीची दोन टोके झाळून एकमेकांना जोडली, ओळ पेटली, पैसे घेतले. आठवड्यात त्याच ओळीतले आणखी दोन एलईडी काळे पडले. त्याहून वाईट म्हणजे लोखंडी स्टँडला हात लावताच मुलीला झटका बसला. पायात रबरी चप्पल होती म्हणून निभावले.

शेवटी दिवा एका जुन्या रेडिओ मिस्त्रीकडे गेला. आम्ही सोबत होतो. "चाचा, होईल का हो?" मुलीने विचारले. "आधी पाहू तर दे, बेटी," म्हणून त्यांनी दिवा उघडला. पाणी आत जाऊ नये म्हणून झाकणाखाली असणारी रबराची पट्टी पहिल्या मिस्त्रीने बसवलीच नव्हती. अर्थिंगची तार आखूड पडली म्हणून कापून टाकली होती. खताच्या पाण्याचे तुषार आत जाऊन पट्टीवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी साय धरली होती. साध्या पाण्यापेक्षा क्षार विरघळलेले पाणी वीज कितीतरी सहज वाहून नेते. झटका का बसला हे तेथेच कळले.

आता ओळ पुन्हा का जळाली ते पाहू. या दिव्यात एलईडीच्या अनेक ओळी एकमेकींना समांतर असतात आणि एकाच ड्रायव्हरमधून येणारा करंट त्या वाटून घेतात. एका ओळीतला एक एलईडी कमी केला की त्या ओळीला लागणारा व्होल्टेज उतरतो, मग ती आपल्या वाट्यापेक्षा जास्त करंट ओढते आणि तापून मरते. म्हणजे जोडून देणे ही दुरुस्ती नव्हे, ती पुढच्या बिघाडाची पेरणी होय. चाचांनी मीटर डायोडच्या खुणेवर ठेवून एकेक एलईडी तपासला. लाल एलईडीला साधारण दोन व्होल्ट लागतात, निळ्या-पांढऱ्याला तीनच्या आसपास. मेलेला काहीच दाखवत नाही, आणि बहुधा त्याच्या मधोमध मोहरीएवढा काळा ठिपका असतो. तीन एलईडी त्याच जातीचे, त्याच करंटचे बसवले. ॲल्युमिनियमची पट्टी उष्णता शोषून घेते, तेथे साधी सोल्डरिंग चालत नाही, पट्टी खालून तापवावी लागते. त्यांनी जुन्या इस्त्रीचा तवा उलटा करून हे काम साधले. आम्हाला त्याचे कौतुक वाटले, पण गिऱ्हाइकासमोर ते दृश्य शोभत नाही हेही खरे.

सगळा दिवा लुकलुकत असेल तर दोष बहुधा ड्रायव्हरच्या फुगलेल्या कपॅसिटरचा असतो. तापमान दहा अंशांनी वाढले की या कपॅसिटरचे आयुष्य जवळपास निम्मे होते, असा धंद्यातला ढोबळ हिशेब आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळीसच्या वर जातो, तेव्हा ८५ अंशांचा स्वस्त माल न लावता १०५ अंशांचा लावावा. फरक चहाच्या पैशाचा असतो. आणि हात घालण्यापूर्वी तो रिकामा करावा. २३० व्होल्टच्या लाइनवर त्यात सुमारे ३२५ व्होल्ट साठून बसलेले असतात, प्लग काढल्यानंतरही.

रंगाचेही एक इमान आहे. रोपांच्या दिव्यात बहुधा ६६० नॅनोमीटरचा गडद लाल आणि ४५० च्या आसपासचा निळा प्रकाश असतो. हा गडद लाल आपल्या डोळ्याला मंद दिसतो. त्याजागी पाटीवरचा साधा लाल एलईडी टाकला तर तो जास्त लखलखीत दिसेल, गिऱ्हाईक खूश होईल. पण त्याने ज्या मालाचे पैसे दिले तो माल तो नव्हे. वजनात मारणे आणि हे, यांत आम्हाला फरक दिसत नाही.

येथे व्यापारी बांधवांना एक कडू गोष्ट सांगितली पाहिजे. हे दिवे शेतकऱ्याच्या गळ्यात मारू नका. या जिल्ह्यात ऊन फुकट आहे. दुष्काळात मराठवाड्यात मातीविना मक्याचा हिरवा चारा ट्रेमध्ये उगवण्याचा पुष्कळ प्रचार झाला. तो आठ-दहा दिवसांत निघतो आणि त्याला असल्या दिव्यांची गरज नसते. दिवे लागतात ते बंद खोलीत, आणि उतिसंवर्धनाच्या प्रयोगशाळेत, जेथे केळीची रोपे बाटल्यांत वाढतात आणि मांडण्यांवर रोज सोळा-सोळा तास दिवे जळतात. वसमत भागातला केळीवाला त्या रोपांचे मोल जाणतो.

म्हणजे केवळ झाडांच्या दिव्यांवर कोणाची चूल पेटणार नाही, हे आम्ही जाणतो. पण हाच ड्रायव्हर, हाच कपॅसिटर आणि हीच पट्टी दुकानाच्या पाटीत आहे, कोंबड्यांच्या शेडमध्ये आहे, माशांच्या टाकीवर आहे. ५ जानेवारी २०१५ रोजी उजाला योजना सुरू झाली आणि एलईडी घरोघर गेला. जो घरोघर गेला तो कधीतरी बिघडणारच. सरकारनेही दुरुस्तीचा हक्क मान्य करण्याकडे पाऊल टाकले आहे. २४ डिसेंबर २०२२ रोजी ग्राहक व्यवहार खात्याने त्यासाठी पोर्टल सुरू केले. फ्रान्समध्ये तर १ जानेवारी २०२१ पासून काही वस्तूंवर ती किती दुरुस्त होऊ शकते याचे गुण छापावे लागतात.

चाचांनी त्या दिवशी तपासणीचे पैसे आधी सांगितले, जळालेले तिन्ही एलईडी पुडीत बांधून मुलीच्या हाती दिले आणि अर्थिंगची नवी तार लावल्याशिवाय दिवा नेऊ दिला नाही. घरी ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी बसवून घे, असेही बजावले. ही सगळी दुरुस्ती नव्या दिव्याच्या किमतीच्या पासंगालाही पुरली नाही. आमचे मत असे की त्यांनी फारच कमी घेतले. तपासणीची मजुरी मागायला आमचा कारागीर लाजतो, आणि मग ती रक्कम खोट्या पार्टच्या नावाखाली वसूल करणारे त्याच्याच शेजारी दुकान थाटतात. दर भिंतीवर लिहून ठेवावा आणि उजळ माथ्याने घ्यावा.

भांडवलाचे म्हणाल तर पट्टी तापवायची हॉटप्लेट, बरा मीटर आणि दोन-चार जातींचे एलईडी एवढेच लागते. सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा हैदराबादेत कोठीच्या गुजराती गल्लीत मिळतात, पण एकट्याने दहा नग आणायला जाणे परवडत नाही. चार-पाच दुकानदारांनी मिळून एकच मागणी पाठवावी, हॉटप्लेट सामाईक ठेवावी, आणि आय.टी.आय.मधून इलेक्ट्रिशियन होऊन घरी बसलेल्या दोन पोरांना चाचांच्या टेबलाशी बसवावे. आम्ही त्यांना हे विचारून पाहिले. शिकवायला ते तयार आहेत. फक्त पोरांनी सकाळी दहाच्या आत यावे, कारण दुपारनंतर आपल्याला बारीक दिसत नाही, असे ते म्हणाले.