वडगावचा विजय आणि तापीकाठची वाट

वडगावच्या विजयाचे स्मरण महाराष्ट्र अभिमानाने करतो, आणि तो अभिमान सार्थ आहे. राघोबादादांस पुण्याच्या गादीवर बसविण्यासाठी बोरघाट चढून आलेल्या मुंबईकर इंग्रजांच्या सुमारे चार हजार फौजेला १६ जानेवारी १७७९ रोजी तेथे नामुष्कीचा तह पत्करावा लागला.

या स्वारीचे भवितव्य एका लढाईने ठरले नाही. मराठे सरदार दादांस येऊन मिळतील, या भ्रमावर ती उभी होती. प्रत्यक्षात कोणी मिळाले नाही. सुमारे १९ हजार बैलांचे लटांबर बरोबर असल्यामुळे फौज दिवसाला मैलभरही सरकेना, आणि सेनापतीच्या डोक्यावर समिती बसलेली! ४ जानेवारीस कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट, मराठ्यांचा ‘इष्टुर फाकडा’, तोफेच्या गोळ्याने पडला. ९ जानेवारीस तळेगाव गाठले, तो गाव जाळलेला; दाणा नाही, वैरण नाही. नाना फडणवीस व महादजी शिंदे यांनी शत्रूला आत येऊ दिले आणि त्याची रसद तोडली. ११ जानेवारीच्या रात्री जड तोफा तळ्यात लोटून इंग्रजांनी माघार घेतली, तेव्हाच त्यांचा पराभव पुरा झाला.

कथा बहुधा येथेच संपविली जाते. खानदेशाने मात्र ती पुढे वाचली पाहिजे. बंगालहून निघालेली कर्नल गॉडार्डची फौज थांबवावी, असे वडगावच्या तहात एक कलम होते. गॉडार्ड जानेवारीच्या अखेरीस बऱ्हाणपुरास पोहोचला. परतीचा आदेश त्याने मानला नाही. पुण्याहून घोडदळ त्याच्या वाटेवर येण्यापूर्वीच तो तापीच्या खोऱ्यातून, म्हणजे आपल्याच खानदेशातून, सुमारे तीनशे मैलांची मजल सुमारे वीस दिवसांत मारून फेब्रुवारीअखेर सुरतेस दाखल झाला. मुंबईकरांनी तह झुगारला. १७८० साली अहमदाबाद आणि वसई इंग्रजांच्या हाती गेली. १७८२ च्या सालबाईच्या तहानंतरही साष्टी त्यांच्याकडेच राहिली.

बोरघाट ज्या दक्षतेने राखला, त्या दक्षतेने तापीकाठ राखला गेला नाही. शत्रूचा पराभव हा बव्हंशी त्याच्या चुकांचा परिणाम असतो. त्या विजयाचे फळ पदरी पडणे मात्र आपल्या सावधपणावर अवलंबून असते. तहातील कलम सैन्याला अडवीत नाही; त्यामागे उभे असलेले सामर्थ्यच अडविते.

इतिहासाचार्य राजवाडे यांनी धुळ्यात देह ठेवला आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथेच उभे राहिले. अस्सल कागदाशिवाय इतिहास नाही, ही त्यांची शिकवण. वडगावचा जयघोष करताना गॉडार्डची ही वाटही जळगाव-धुळ्याच्या शाळा-महाविद्यालयांतून शिकविली जावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. विजयाची स्मारके उभारणाऱ्या समाजाने आपल्या गाफीलपणाचीही नोंद ठेवावी. तीच पुढील पिढ्यांस अधिक उपयोगी पडते.