‘अधिक तपासणी’ कोणाची?

बँकेच्या खिडकीवर हल्ली एक वाक्य फार स्वस्त झाले आहे : ‘तुमचा अर्ज पुढील तपासणीसाठी वर गेला आहे.’ वर म्हणजे कोठे, तपासणी कशाची आणि ती किती दिवस चालणार, हे बहुधा खिडकीपलीकडच्या कारकुनालाही ठाऊक नसते. वाळूज किंवा चिकलठाण्याच्या कंत्राटी कामगाराला ठेकेदाराने खाते उघडून आणण्यास सांगितलेले असते. खाते नाही तोवर पगार अडकून राहतो. 2024 च्या जुलैत ‘लाडकी बहीण’ योजना आली आणि दरमहा 1500 रुपयांसाठी आधारशी जोडलेले खाते हवे म्हणून राज्यभर बँकांच्या दारात बायकांच्या रांगा लागल्या. शासन एका हाताने खाते सक्तीचे करते आणि बँक दुसऱ्या हाताने अर्ज अडवून धरते. या दोहोंच्या कात्रीत सापडतो तो हातावर पोट असलेला माणूस.

तपासणीच नको असे कोणी समंजस माणूस म्हणणार नाही. ग्राहकाची ओळख पटवून घ्या, हा आदेश रिझर्व्ह बँकेने 2002 साली दिला आणि 2004 साली तो विस्ताराने मांडला. काळा पैसा पांढरा करण्याविरुद्धचा 2002 चा कायदा 1 जुलै 2005 पासून लागू झाला. आज सायबर चोरांना लुटीचा पैसा फिरविण्यासाठी भाड्याची खाती लागतात, आणि ती बेकार तरुणांना व मजुरांना चार पैशांचे आमिष दाखवून मिळविली जातात. लुटला जाणाराही सामान्य माणूसच असतो. तेव्हा हा धोका खोटा ठरवून चळवळीचे काही भले होणार नाही. ग्राहकांची कमी, मध्यम आणि अधिक जोखीम अशी वर्गवारी करावी व अधिक जोखमीच्या ठिकाणी अधिक खोल चौकशी करावी, हे तत्त्वही तर्कशुद्धच आहे. वाद आहे तो संशयाची ही चाळणी प्रत्यक्षात कोणासाठी विणली गेली याचा.

अर्ज कशाने अडतो ते पाहावे. आधारवर माहेरचे नाव, शिधापत्रिकेवर सासरचे. मराठी घरातील निम्म्या स्त्रियांची ही अवस्था. वास्तविक विवाहाचे शासकीय प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील प्रसिद्धी जोडल्यास जुन्या नावाचा कागदही ग्राह्य धरावा, अशी तरतूद नियमांत आहे. पण वीस वर्षांपूर्वी गावच्या मांडवात लागलेल्या लग्नाचे प्रमाणपत्र कोणी काढून ठेवले होते? जन्मतारीख ठाऊक नसलेल्यांच्या आधारवर 1 जानेवारी पडलेली असते, शाळेच्या दाखल्यावर दुसरीच. पैठण-कन्नडकडचा ऊसतोड मजूर सहा महिने घरी आणि सहा महिने फडावर; त्याचा ‘सध्याचा पत्ता’ कोणता? त्यात या शहराचे नावच 2023 साली बदलले. आता एका कागदावर औरंगाबाद आणि दुसऱ्यावर छत्रपती संभाजीनगर. नामांतराचा जल्लोष करणाऱ्यांना आणि त्याविरुद्ध न्यायालयात जाणाऱ्यांना या कागदांची आठवण क्वचितच झाली असेल.

किराडपुरा, शहागंज, चेलीपुरा या वस्त्यांत आणखी एक अडचण आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेने दहशतवादी ठरविलेल्यांच्या याद्यांशी प्रत्येक नवा ग्राहक ताडून पाहणे बँकांवर बंधनकारक आहे. त्या याद्यांत अरबी नावांचा भरणा आहे. मोहम्मद हे एक नाव रोमन लिपीत पाच-सहा तऱ्हांनी लिहिले जाते, आणि यंत्राला कळते ते अक्षरांचे साम्य. माणूस त्याला कळत नाही. त्यामुळे ज्या नावाची माणसे गल्लोगल्ली आहेत, तेच नाव संशयाचे कारण बनू शकते. जन्मतारीख आणि जन्मस्थान पडताळून हा संशय थोड्या वेळात फेडता येतो. त्यासाठी कोणीतरी माणसाने कागद उघडून पाहावा लागतो. माणसांची भरती मात्र थंडावली आहे.

यावर कळस आहे तो गुप्ततेचा. ग्राहकाची जोखीम-वर्गवारी आणि तिची कारणे त्याला कळू देऊ नयेत, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश सांगतात. हेतू असा की, गुन्हेगार सावध होऊ नये. पण हवालावाल्यासाठी ओढलेला हा पडदा नावातील एका वेलांटीच्या चुकीवरही पडतो. ऑगस्ट 2025 मध्ये झालेल्या सुधारणेने, विचार न करता कोणताही अर्ज फेटाळू नये आणि फेटाळण्याचे कारण अधिकाऱ्याने नोंदवून ठेवावे, असा दंडक घातला. दंडक चांगला आहे. परंतु अर्ज फेटाळलाच नाही, नुसता ‘वर’ पाठविला, तर नोंदविण्यासारखे कारणही उरत नाही. नोकरशाहीला एवढी पळवाट पुरते. नकाराविरुद्ध दाद मागता येते. जो अर्ज ना मंजूर ना नामंजूर, त्याविरुद्ध कोणते अपील करावयाचे?

आणि ही दक्षता नेमकी कोठे झोपी जाते? 2018 साली पंजाब नॅशनल बँकेच्या एकाच शाखेतून नीरव मोदी प्रकरणाचा तेरा हजार कोटींहून अधिक रुपयांचा घोटाळा बाहेर आला; बँकेच्या मुख्य संगणकप्रणालीत नोंदच नसलेली हमीपत्रे वर्षानुवर्षे परदेशी जात होती. तेथे ग्राहकाची ओळख उत्तम पटलेली होती! खुद्द या शहरात 2023 साली ‘आदर्श’ महिला नागरी सहकारी पतसंस्थेतील सुमारे 200 कोटींचा गैरव्यवहार उघडकीस आला आणि पदाधिकाऱ्यांना अटक झाली. मोलकरणी, निवृत्त कर्मचारी, छोटे दुकानदार आपल्याच ठेवींसाठी रस्त्यावर उतरले. 2024 साली शेजारच्या बीडमध्ये ‘ज्ञानराधा’ मल्टिस्टेटची तीच गत झाली. या माणसांनी पतसंस्थेची वाट का धरली? जादा व्याजाचा मोह होताच. पण पतसंस्थेचा माणूस दारी येऊन हसतमुखाने पासबुक देत होता आणि बँकेत कागदांची छाननी संपत नव्हती, हेही तितकेच खरे. पतसंस्थेतील ठेवीला ठेव-विमा महामंडळाचे संरक्षण नसते, हे त्या हसतमुख माणसाने सांगितले नव्हते. गरिबाला राष्ट्रीयीकृत बँकेच्या दारात ताटकळत ठेवणे म्हणजे त्याला लुटारूंच्या स्वाधीन करणे होय.

19 जुलै 1969 रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले ते ज्यांना सावकाराखेरीज कोणी उभे करीत नव्हते त्यांच्यासाठी, अशी घोषणा होती. ग्रामीण बँकाही त्याच विचारातून निघाल्या. महाराष्ट्र ग्रामीण बँकेचे मुख्यालय तर याच शहरात आहे. ग्राहक स्वीकारण्याच्या धोरणामुळे सामान्य जनतेला, विशेषतः आर्थिक व सामाजिकदृष्ट्या दुर्बलांना, बँकसेवा नाकारली जाऊ नये, हे वाक्य रिझर्व्ह बँकेने 2016 च्या निर्देशांत स्वतःच लिहिले. कागद नसणाऱ्यासाठी ‘लघु खात्या’ची सोय आहे : अधिकाऱ्यासमोर सही किंवा अंगठा आणि एक छायाचित्र, शिल्लक 50 हजारांपर्यंत, वर्षाची जमा 1 लाखापर्यंत, महिन्याची उचल 10 हजारांपर्यंत. आधारच्या ई-केवायसीने खाते उघडणाऱ्याचा सध्याचा पत्ता वेगळा असेल तर त्याचे स्वतःचे घोषणापत्र पुरेसे आहे. या सोयी शाखेच्या दर्शनी भागात मोठ्या अक्षरांत लावलेल्या कितीशा दिसतात?

तेव्हा मागणी नेमकी असावयास हवी. अर्ज तपासणीसाठी थांबविला तर त्याची तारखेसह पोच मिळाली पाहिजे. नाव, पत्ता किंवा जन्मतारखेची विसंगती एवढेच कारण असेल तर ते मराठीत, लेखी आणि त्याच दिवशी कळविले पाहिजे. गुन्ह्याचा खरा संशय असेल तेवढ्यापुरतीच गुप्तता राहावी. तपासणीला मुदत हवी, आणि ती चालू असेतो लघु खाते उघडून पगार व अनुदान जमा होऊ दिले पाहिजे. बँक कर्मचारी संघटनांनी या मागणीत सामील व्हावे, कारण अपुऱ्या माणसांनिशी हजारो अर्ज उपसण्याचा आणि लोकांच्या शिव्या खाण्याचा भार त्यांच्याच माथी आहे. पक्षाच्या शाखांनी मुकुंदवाडी, हर्सूल, पडेगाव आणि वाळूज येथे अडकलेल्या अर्जांची यादी करावी, प्रत्येकाकडून शाखाधिकाऱ्याला लेखी तक्रार देववून पोच घ्यावी, आणि 30 दिवसांत उत्तर न आल्यास ती सारी प्रकरणे एकत्र रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे न्यावीत. त्या तक्रारीला एक पैसाही शुल्क पडत नाही.