तक्रार नसलेला रुग्ण

‘रुग्ण शांत, तक्रार नाही.’ रात्रपाळीच्या नोंदवहीत हे वाक्य आपण सर्रास लिहितो. अपेंडिक्सच्या रुग्णाबाबत ते एक वेळ चालून जाईल. तीव्र नैराश्याच्या रुग्णाबाबत मात्र त्यातून पुढच्या पाळीला काहीच कळत नाही. तो झोपला होता की नुसता पडून होता? पहाटे कितीला जाग आली? ताटातले किती खाल्ले? नैराश्यात फार लवकर जाग येते, अनेकांचे मन सकाळी अधिक खचलेले असते. राऊंडच्या पाच मिनिटांत डॉक्टरांना हे दिसत नाही. ते रात्रपाळीलाच दिसते.

रुग्ण जरा हिंडू-फिरू लागला की आपणही निर्धास्त होतो. नैराश्यावरील गोळ्यांचा गुण यायला साधारण 2 ते 4 आठवडे लागतात. काही रुग्णांच्या अंगात बळ आधी येते, मनातली निराशा मात्र तशीच असते. आत्महत्येचा धोका या टप्प्यावर वाढू शकतो. डिस्चार्जनंतरचे पहिले काही आठवडेही तितकेच जोखमीचे. म्हणून थेट विचारावे, ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. उत्तर ‘हो’ आले, तर ते गुपित ठेवण्याचे वचन देऊ नये. डॉक्टरांना लगेच कळवावे आणि रुग्णाला एकटे सोडू नये. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असेच मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 चे कलम 115 गृहीत धरते. अशा रुग्णाला अपघात विभागात टोमणे ऐकावे लागत असतील, तर ते आपणच थांबवायचे आहेत.

उन्मादातला रुग्ण ताटावर बसत नाही. त्याला चालता चालता खाता येईल असे द्यावे: पोळीचा रोल, केळे, लाडू. पाणी पुन्हा पुन्हा पुढे करावे. वाद घालू नये, सूचना थोडक्यात द्याव्यात. एका पाळीने नाकारलेले दुसऱ्या पाळीने देऊ नये.

लिथियम घेणाऱ्यांबाबत तर आपली नजरच रक्षण करते. रक्तातील पातळी सहसा 0.6 ते 1.2 मिलिइक्विव्हॅलंट प्रतिलिटर असावी लागते आणि नमुना शेवटच्या मात्रेनंतर 12 तासांनी घ्यावा लागतो. विदर्भातला मे महिना, जुलाब, निर्जळी उपवास, अचानक मीठ तोडणे किंवा दुकानातून आणलेली आयब्युप्रोफेन यांमुळे ही पातळी चढू शकते. हात जोरात थरथरणे, उलट्या, तोल जाणे, जीभ जड होणे अशी लक्षणे दिसताच पुढची मात्रा देण्याआधी डॉक्टरांना कळवावे.

खाटा भरपूर आणि सिस्टर एकच, ही अडचण खरी आहे. पण चार ओळी लिहायला जादा मनुष्यबळ लागत नाही. परिसेविकांनी आजच्या हँडओव्हरपासून मनोविकार रुग्णांच्या चार नोंदी सक्तीच्या कराव्यात: झोप किती तास, आहार किती, बोलणे कसे, आणि आत्महत्येच्या विचारांबद्दल विचारले का. डिस्चार्ज कार्डावर टेली मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक ठळक लिहावा आणि तो नातेवाइकांच्या मोबाइलमध्ये आपल्यासमोर साठवून घ्यावा.