अंदाजपंचे दाहोदरसे

गच्चीवरच्या टाकीच्या भेगेवर लावलेलं फायबर दुसऱ्या दिवशीही बोटाला चिकटत असलं की आपण आधी हवेला दोष देतो. ‘दमट आहे ना, वाळायला वेळ लागणारच.’ मग पंखा लावला जातो. तरीही चिकटपणा जात नाही, तेव्हा कंटाळून वरून ऑइलपेंट मारला जातो आणि पहिल्याच पावसात तो पापुद्र्यासारखा सुटून येतो. माझं म्हणणं असं, की घरगुती फायबरकाम बहुतेक वेळा मापात बिघडतं आणि त्या बिघाडात गिऱ्हाइकाइतकाच दुकानदारही भागीदार असतो.

दुकानात साधं म्हणून मिळतं ते पॉलिएस्टर रेझिन. पॉलिएस्टरच्या साखळ्या स्टायरीन नावाच्या द्रवात विरघळवलेल्या असतात. त्यात हार्डनर, म्हणजे मिथाइल इथाइल कीटोन पेरॉक्साइड, पडलं की कोबाल्टच्या मदतीने ते फुटतं आणि साखळ्या व स्टायरीन एकमेकांत गुंतून घट्ट जाळं होतं. यात काहीच उडून जायचं नसतं. उलट स्टायरीन आतच राहायला हवं. पंख्याचा झोत ते उडवून नेतो आणि थर गारही करतो. खिडक्या सताड उघड्या हव्यात, कारण तो वास छातीत भरण्याजोगा नाही. पण वारा थेट कामावर नको.

आता माप. रेझिनच्या वजनाच्या एक ते दोन टक्के हार्डनर, म्हणजे दोनशे ग्रॅमला दोन ते चार ग्रॅम. दुकानात विचारलं तर उत्तर येतं, ‘टोपणभर घाला.’ कुठल्या बाटलीचं टोपण, किती रेझिनला, हे विचारायची सोय नसते. एक टक्क्याहून कमी पडलं तर क्रिया सुरू होते आणि अर्ध्यावर थांबते. मग आठवडाभर थांबूनही ती पुरी होत नाही. जास्त पडलं तर मगमधलं रेझिन तापून धूर सोडतं, थराला तडे जातात. शिवाय हार्डनर ज्या तेलकट द्रवात पातळ केलेलं असतं, तो द्रव थरात उरून त्याला मऊ ठेवतो. म्हणजे ‘लवकर कडक व्हावं’ म्हणून घातलेला जादा हात उलटाच पडतो.

यावर कुणी म्हणेल, कोकणात होड्यांना फायबर चढवणारे कारागीर कुठे काटा घेऊन बसतात? खरं आहे. पण त्यांच्याकडे तोच ड्रम, तीच शेड आणि रोजचा हात असतो. जेल व्हायला किती वेळ लागला हे ते दिवसभर बघतात आणि पुढच्या डब्यात हात आखडता घेतात किंवा सैल सोडतात. त्यांचा अंदाज म्हणजे वर्षानुवर्षांचं मोजमाप. वर्षातून एकदा अर्धा किलो रेझिन आणणाऱ्याने त्याची नक्कल करणं म्हणजे मुरलेल्या आचाऱ्याकडे पाहून पहिल्यांदाच पाचशे पानांचा स्वयंपाक अंगावर घेणं.

घरी करायचं ते असं. कागदी कप काट्यावर ठेवून रेझिन तोला. कोबाल्ट वेगळा मिळाला असेल तर आधी तो घालून नीट ढवळा. जांभळट झाक सगळीकडे सारखी दिसली पाहिजे. मगच बिनसुईच्या सिरिंजने हार्डनर. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत. भडका उडतो, स्फोटही होऊ शकतो. हार्डनर पडलं की रंग तपकिरी-हिरवट व्हायला लागतो. कपाच्या कडा आणि तळ खरवडत ढवळा, कारण तिथे राहिलेलं कच्चं रेझिन काचतंतूंच्या मॅटवर ओल्या डागासारखं कायमचं राहतं. खरं काम सुरू करण्याआधी पन्नास ग्रॅमचा नमुना करून बघा.

हवेचा दोष अगदीच नाही असं नाही, पण तो वेगळ्या ठिकाणी आहे. पावसाळ्यात मॅट आणि टाकीची भिंत ओल धरतात आणि पाणी कोबाल्टला निकामी करतं. म्हणून दोन्ही आधी खडखडीत सुकवा. थंडीत नाशिक-पुण्याकडे रात्री पारा उतरतो आणि पंधरा अंशांखाली रेझिन आळसावतं. सकाळी ऊन चढल्यावर काम धरा, म्हणजे रात्रीच्या आत थर कडक होईल.

आणि चिकटपणाचेही दोन प्रकार आहेत. नख रोवून बघा. खाली दगडासारखं कडक आणि वरच तेवढं चिकट असेल, तर ते हवेतल्या ऑक्सिजनचं काम. लॅमिनेटिंग रेझिन वरून तसंच राहतं, म्हणजे पुढचा थर त्याला धरतो. शेवटच्या थराला मेण मिसळलेलं रेझिन वापरायचं किंवा ओल्यावरच प्लास्टिकची फिल्म दाबून बसवायची. राहूनच गेलं असेल तर ॲसिटोनने पुसा, घासा आणि मेण मिसळलेल्या रेझिनचा हात द्या. पण नख आत रुतलं तर थर कच्चा आहे. वरून हार्डनर चोपडून तो पिकत नाही. खरवडून काढण्याला पर्याय नाही.

आता दुकानदारांकडे वळू. ड्रममधलं रेझिन सुटं विकायला हरकत नाही. पण त्या डब्यावर प्रकार, कोबाल्ट घातलाय की नाही आणि बनवल्याची तारीख एवढं लिहायला काय जातं? कोबाल्ट नसलेल्या रेझिनमध्ये नुसतं हार्डनर घालून माणूस दिवसभर वाट बघत बसतो. जुनं रेझिन डब्यातच दाटायला लागलेलं असतं. सगळ्यांत वाईट म्हणजे हार्डनर पाण्याच्या रिकाम्या बाटलीत दिलं जातं. पाण्यासारख्या दिसणाऱ्या त्या द्रवाचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. घरात पोरं असतात, तहान लागलेली माणसं असतात.

तेव्हा पैसे देण्याआधी चार गोष्टी विचारा: कुठलं रेझिन, कोबाल्ट आहे का, कधी बनवलं, किती ग्रॅमला किती हार्डनर. चौथ्याचं उत्तर ‘टोपणभर’ असंच आलं, तर पिशवी तिथेच ठेवून दुसरं दुकान गाठा. गिऱ्हाईक मागे फिरल्याशिवाय ही दुकानं डब्यावर चिठ्ठी चिकटवणार नाहीत.